पाव नाही, बोट आल्यावर

सवाई बेट,
बुधवार, १८ ऑक्टोबर

प्रिय फुआतिनो बाईंना,
सोसेचा मनापासून नमस्कार.

तुमची पेटी परवाच्या बोटीने पोचली. पुस्तकं कोरडी आहेत. खडूंचा निम्मा भुगा झाला, पण पहिलीची पोरं भुग्यात बोट बुडवून फळ्यावर अक्षरं काढतात, तेव्हा तोही वाया जायचा नाही. खारवलेल्या मांसाचे डबे तुमच्या रूताकडे दिले. तिने एक लगेच माझ्या हातात कोंबला आणि दटावलं, "आईला सांगू नकोस हं, म्हणेल एकच दिला, पोरगी कंजूष झाली." सांगितलं.

गावात सगळे बरे आहेत. नीरफणस इतका लागलाय की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. मुलांचा पांढरा रविवार छान झाला. पोरांनी धुवट पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये आपापली वचनं घडाघडा म्हटली, मग मुलं आधी जेवली आणि मोठ्यांनी वाढलं. आपले शाळा समितीचे अध्यक्ष वावाए आजोबा एरवी पाण्याचा पेलाही स्वतः उचलत नाहीत, ते तारोच्या उकडलेल्या कंदांची परात घेऊन पंगतीत वाकत होते. तुम्ही असतात तर हसून हसून डोळे पुसले असतेत.

तुम्ही मागच्या दोन्ही पत्रांत विचारलंत की रूताच्या सिनालेईच्या वाचनाचा दाखला अजून का नाही. जानेवारीत नात तुमच्याकडे यायची, ऑकलंडच्या शाळेला तो आधी हवाय, हे मला कळतं. मी उत्तर टाळलं. आजही नीरफणसावर पानभर लिहून टाळलं असतं. पण आता सांगतेच, फक्त जरा आधीपासून.

फेब्रुवारीत प्रत्येक शिक्षकाने वर्षाचं ध्येय लिहून शिक्षण खात्याकडे पाठवायचं असतं. मुख्याध्यापिका म्हणून माझं पहिलंच वर्ष. मी झोकात लिहिलं, "चौथीतलं प्रत्येक मूल नेमलेल्या पुस्तकाचं कोणतंही पान न अडखळता वाचेल." वावाए आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून ते गावाला ऐकवलं.

गावाने ते मनावर घेतलं, बाई. आपलं गाव एखादी गोष्ट मनावर घेतं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. संध्याकाळची प्रार्थना झाली की घराघरात आया ते पुस्तक उघडून बसायच्या. आई म्हणणार, पोर तिच्यामागून म्हणणार, पांढऱ्या रविवारची वचनं शिकवतात अगदी तसं. अख्खं पुस्तक, पानापानाने. ऑगस्टमध्ये आपियाहून खात्याचे इओआने साहेब तपासणीला आले, तर चौथी नुसती वाहत होती. कुणी अडखळेना. साहेब म्हणाले, "सोसेबाई, तुमची शाळा मी नमुना म्हणून दाखवणार." मी त्या दिवशी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. आपल्या वर्गाला भिंती नाहीत, हे बरंच झालं म्हणायचं. सिनालेई पुढे उभी राहून वाचत होती आणि तिच्या हातातलं पान उलटलं. ती थांबली नाही. आवाज मागच्या पानावरचा, आणि बोट नव्या पानावरच्या डुकराच्या चित्रावरून शांतपणे डावीकडून उजवीकडे सरकत होतं.

वर्गात कुणी हसलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळ्यांचं तसंच चाललं होतं. मी त्याच दुपारी दुसरं पुस्तक काढलं. निम्म्याहून जास्त मुलांना ओळ लागेना. सिनालेईला एकही.

म्हणजे दर रविवारी ती फोनवर तुम्हाला जे स्तोत्र वाचून दाखवते, तेही पाठच, बाई. रूताने शिकवलं ते प्रेमाने शिकवलं. तिला खरंच वाटत होतं की हेच वाचन. तुमची नात माझ्या वर्गात बसून माझ्या डोळ्यांदेखत वाचायची राहिली आणि मी वाहवा घेतली, ह्याची मला फार लाज वाटली. ती तशीच ऑकलंडच्या वर्गात जाऊन बसली असती तर तिथे तिला कुणी काय समजलं असतं, ह्या विचाराने माझी झोप उडाली.

वर्ग सुटल्यावर ती माझ्या पायाशी येऊन बसली. "आजीला सांगू नका. ती मला नेणार नाही." मी म्हटलं, नाही सांगत. म्हणून इतके दिवस गप्प होते.

समितीला मात्र सांगितलं. वावाए आजोबा भडकले. "पोरं वाचतात की नाही? आम्ही ह्या कानांनी ऐकलं!"

"ऐकलंत ते पाठांतर, आजोबा."

"मग? पाठ म्हणणं पाप आहे? मी प्रार्थना काय वाचून म्हणतो होय?"

सगळे हसले, मीही. मग मी तुमचं नाव काढलं. मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी तुम्ही मला म्हणाला होतात, "सोसे, ध्येय असं ठेव, की मूल एकटं असतानाही त्याला कळलं पाहिजे, जमलं की नाही." तुमचं नाव निघाल्यावर आजोबा खाली बसले. मग इओआने साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "नमुना म्हणून तुमचं नाव वर पाठवलंय हो मी. बरं, नवीन ध्येय लिहा. पण ह्या वेळी छोटं लिहा."

छोटं लिहिलं. मुलांसाठी एवढंच, की रोज एक ओळ वाचायची, कुणी कधी वाचून न दाखवलेली. आणि खाली पहिल्यांदाच माझ्या स्वतःसाठी लिहिलं, "मूल अडलं की मी गप्प बसेन." बाई, माझ्यासारख्या बडबडीला ह्याहून कठीण ध्येय नसेल. आयांनीही तेच कबूल केलं. वावाए आजोबा रोज हजेरीला येतात, पोर अडलं की त्यांच्या ओठावर शब्द येतो, आणि ते हातातल्या पंख्याने स्वतःचंच तोंड झाकून घेतात.

गप्प बसताना मला तुम्ही आठवता. मी 'अ' जवळ अडायची आणि तुम्ही आंबा सोलत समुद्राकडे बघत बसायचात. मला वाटायचं, बाईंचं लक्षच नाही. तुम्ही थांबत होतात, हे मला चाळीशीला आल्यावर कळलं. माझ्या हातून जे काही चांगलं घडतं ते त्या थांबण्यातून आलंय. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहिते. मी तुमची फार ऋणी आहे.

आता शनिवारची गोष्ट. रूताने सिनालेईला दुकानात पाव आणायला पाठवलं. ती दारातूनच परत आली, हात हलवत. रूता ओरडली, "अगं, आत जाऊन विचारलंस तरी का?"

"विचारायचं कशाला? दारावर लिहिलंय. पाव नाही, बोट आल्यावर."

रूताने हातातली खवणी टाकली आणि तिला घेऊन तशीच माझ्याकडे धावत आली. पाव नसल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. आम्ही तिघी रडलो. मग सिनालेई नाक पुसत म्हणाली, "आता आजीला सांगा. पण हळू येतं म्हणून सांगा."

तर दाखला सोबत आहे. त्यात लिहिलंय ते असं: अनोळखी ओळ ही मुलगी हळू वाचते, अक्षर लावत वाचते, आणि स्वतः वाचते. तिला वेळ द्यावा.

हे पत्र पोचल्यावरच्या रविवारी व्हिडिओ फोन लागला की स्तोत्र मागू नका. कागदावर तुमच्या मनातली एखादी ओळ मोठ्या अक्षरात लिहा आणि फोनपुढे धरा. ती अडेल. रूता शेजारी तोंडावर हात धरून बसेल, मी दाराबाहेर असेन, आमच्यापैकी कुणी सांगणार नाही. तुमच्या खिडकीतून समुद्र दिसत नसेल तर दुसरीकडे कुठे बघा, पण माझ्यासाठी थांबलात तशा थांबा.

तुम्ही जिच्यासाठी आंबा सोलत थांबलात, ती
सोसे