चहाच्या वेळी गप्प होणारं यंत्र

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा! चहाच्या वेळी आईच्या घरातलं यंत्र गप्प. स्क्रीनवर पिंग चालूच असतं — इथून नारीन शहरातल्या ऑफिसातून मी हाक मारायची, तिकडून यंत्राने ओ द्यायची. एकदम ओ बंद. आईचं घर गावात सगळ्यात उंचावर, अँटेना तिच्या छपरावर, त्यामुळे अख्ख्या गावाचं इंटरनेट तिच्या फडताळातून जातं.

यंत्र बंद पडलं की त्या घरी विचारायचं, या नियमाप्रमाणे ऑफिसच्या फोनवरून फोन लावला. "दिवा लाल आहे," आई म्हणाली. मी विचारलं, "तू बरी आहेस ना?" तर म्हणे, "झाला हिरवा." आणि ठेवला!

नवऱ्याला, एर्मेकला, सोडून आले तेव्हापासून असंच. माझ्या फोनवरून केला तर उचलायचीच नाही. शेवटी मीही नाद सोडला.

१३ नोव्हेंबर

लाल. हिरवा. ठेवला.

१६ नोव्हेंबर

"वीज गेली होती का?"

"गेली असेल."

चार शब्द जास्त बोलली असती तर काय बिघडलं असतं? यंत्राला 'अपटाइम' विचारलं, म्हणजे किती वेळ जागं आहे ते सांगतं. एक दिवसही पुरा नाही! संध्याकाळी सगळं गाव एकदम किटल्या लावतं, तेव्हा दाब उतरून वीज जात असणार.

१९ नोव्हेंबर

आमचे तिनचतिकसाहेब तळलेले बोरसोक खात माझ्या टेबलाशी आले. "बेगीमाय, तुझ्या आईकडचं डबडं तिच्यासारखंच रुसतंय बघ. शाळेत हलवू या. तिथे बॅटरी आहे. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत उरकून टाकू."

मी हसून "बरं" म्हटलं. मग जिन्यात जाऊन रडले. यंत्र गेलं की ऑफिसचा फोनही गेला. लाल-हिरवं का होईना, तिचा आवाज तर कानावर पडतो! काहीही करून ते तिथेच दुरुस्त करायला हवं.

२१ नोव्हेंबर

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

इथूनच यंत्रात शिरले होते. त्याचं कनेक्शन बंद करून लगेच चालू करायचं होतं. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत द्यायच्या असतात. मी नुसतं 'डाउन' लिहिलं आणि एंटर दाबलं. आता 'अप' सांगायचं कुठल्या वाटेने? ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली. लांबच्या यंत्राला हात लावण्याआधी 'दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो' असं त्याला बजावून ठेवायचं, हे नवशिक्यांना मीच शिकवते. आज घाईत मीच विसरले.

अख्खं गाव बंद. साहेब म्हणाले, "झालं! आता तुझ्या आईलाच सांग पिन उपटून लावायला. करेल का ती?"

ऑफिसच्या फोनवरून फोन लावला.

२२ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवेना. मी आईला म्हणत होते, "भिंतीतली पिन उपटायची, जरा थांबून परत लावायची. नीट ऐक हं, कुठली ते सांगते —"

"माहीत आहे मला कुठली," आई म्हणाली. "चहा ठेवला की रोज तीच तर उपटते. त्याशिवाय फोन करतेस का तू?"