टाकीच्या विटा

वडगाव रासाई, ता. शिरूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अयुबास,

संपतचा नमस्कार. शहाबानो वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे पहाटेचं धुकं अजून भीमेवरून उठायला तयार नाही. काल काठावर बसून चौथीतली नदीची कविता म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यात अडकलो. तू असतास तर पुढची ओळ चुकीची का होईना, पण ठणठणीत सांगितली असतीस.

आमची पिण्याच्या पाण्याची नवी टाकी पाडली. तुझ्याच भट्टीच्या विटांची. तुझा शाहनवाज स्वतः आला होता. म्हणाला, "आबा, ह्या विटा काढाव्या लागतील."

आमची पुतळाबाई पदर खोचून उभी. "गटाराच्या गाळाची वीट म्हणून गाव हसलं, तवा तूच म्हणालास, तपासलेली हाय. आता काय झालं?"

"काकी, सांडपाण्याचा गाळ आम्ही तपासूनच मातीत मिसळतो. ह्या खेपेत रसायनाच्या कारखान्याचा आलाय. विटेचा चुरा पाण्यात ठेवून ते पाणी तपासलं, तर त्यात धातू उतरलेत. ते पोटात जायला नको."

"मग बघून घ्यायचा न्हाईस व्हय?"

"चुकलं माझं," म्हणाला, आणि पहार उचलली.

असंच तो गिऱ्हाइकांच्या दारोदार सांगत फिरला. आणि तू त्याला म्हणालास, धंदा बुडवलास, तोंड दाखवू नकोस. हे त्यानं नाही सांगितलं. वहिनींचा फोन आला होता.

दुसरं पान लागलं तरी मुद्द्याचं लिहवत नाही, अयुब.

त्या खेपेची गाडी आली तेव्हा मी तुझ्या भट्टीवरच बसलो होतो. शाहनवाज पाबळला गेलेला. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, केक लाया हूँ." मी तुझ्याकडे बघतच राहिलो. तू म्हणालास, "संप्या, दाबून वाळवलेल्या गाळाला ही माणसं केक म्हणत्यात. कुणाचा वाढदिवस न्हाई." आपण पोट धरून हसलो. सांडपाण्याचा गाळ तोही केक, कारखान्याचा तोही केकच. तू उतरवून घेतलास. कुठला, ते तू विचारलं नाहीस, आणि मीही नाही.

पोराला हे सगळं ठाऊक आहे. मी छेडलं तर म्हणाला, "आबा, चूक माझ्याच नावावर असू द्या. अब्बांना ह्या वयात कुणी बोललेलं मला ऐकवणार न्हाई."

तेव्हापासून तो आमच्या पडवीत निजतो. फोन वाजला की भरल्या ताटावरून उठतो आणि गिऱ्हाइकाचा आहे असं बघून परत बसतो. पुतळाबाईनं त्याला रागावणं सोडून दिलंय.

टाकी पुन्हा बांधायची आहे. तुझ्याच भट्टीच्या विटांची बांधीन, पण तो तपासून देईल त्याच.

येऊन त्याला घेऊन जा. माफीबिफी मागत बसू नकोस, ते तुला जमायचं नाही. नुसतं "चल" म्हण. पण केक कुणी उतरवून घेतला, ते गिऱ्हाइकांना तुझ्या तोंडानं कळू दे.

तू येईपर्यंत तुझ्या लेकाला जेवू घालणारा,
संपत