ताण

रामाकोना (ता. सौंसर)
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय नलू,

सप्रेम जयभीम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले. चारदा लिहायला बसलो आणि चारदा मोटर बघायच्या निमित्ताने उठून मळ्यात गेलो. आज वीजच नाही, त्यामुळे तेही निमित्त उरलं नाही. आपली संत्र्याची बाग यंदा अशी फुलली आहे की येणारा-जाणारा थांबतो. आंबिया बहार साधला म्हणतात. मी हो हो करतो आणि दुसरीकडे पाहतो.

आधी रजनीचं सांगतो. पोरगी बरी आहे, शाळेत जाते, आईशी भांडते. जानेवारीत ती नऊ दिवस नागपूरच्या दवाखान्यात होती. मी तुला कार्डावर ताप म्हणून कळवलं होतं. तो ताप नव्हता.

तू प्रयोगशाळेत नेमकं काय करतेस, असं मी सहज विचारलं होतं, आणि तू आठ पानं लिहून पाठवलीस. किती सोपं लिहिलंस गं! इन्सुलिन पेशीच्या आत शिरत नाही, नुसतं दारावर थाप मारतं. मग आतल्या आत निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि साखर आत घ्यायची सोय होते. कित्येक आजारांत निरोप असतो, पण ऐकणारा बहिरा झालेला असतो. आणि फार दिवस फार थापा पडल्या, तर पेशी आपली दारंच कमी करते. ते पान मी पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगाऱ्यावर बसून चार जणांना वाचून दाखवलं. माझी बहीण मुंबईत हे शोधून राहिली, म्हणालो. छाती अशी फुगली होती की विचारू नको.

तेव्हा बागेला ताण दिलेला होता. तुला आठवत असेल, बाबा महिनाभर झाडांचं पाणी तोडायचे. पानं मलूल व्हायची, गळायची, आई हळहळायची, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरायचं. रोज पाणी पिणारं झाड आळशी होतं, उपाशी ठेवलं की जागं होतं, हे आपण चालायच्या आधी शिकलो. नलू, मी तुझं ते पान वाचलं आणि मला वाटलं, हे तर आपलंच आहे. तीन वर्षं पोरीला रोज इन्सुलिनची सुई. तीन वर्षं थापाच थापा. दारं कमी होणार नाहीत तर काय?

मी रजनीला ताण दिला. सुई सकाळी एकदाच, ती माझ्याकडे असते, तुझ्या मंगलावहिनीकडे बाटली सांभाळायचं काम. औषध गार राहावं, नासू नये म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात ती बाटली ठेवते आणि दिवसातून दोनदा वाळू भिजवते. मी तीस युनिटांचे वीस केले, विसाचे दहा. लघवी तपासायची नळीही मीच तापवायचो. निळी राहायची ती हिरवी झाली, मग विटकरी, म्हणजे लघवीत साखर वाढत चाललेली. मी म्हटलं, पानं मलूल होणारच. पोरगी घागरभर पाणी प्यायची, वर्गात झोपायची. एकदा म्हणाली, "बाबा, मले लय थकल्यासारखं वाटते." मी म्हटलं, थोडी कळ काढ. शेवटचे तीन दिवस पिचकारीत नुसतं उकळलेलं पाणी होतं. चौथ्या दिवशी तिच्या तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता आणि ती हाकेला ओ देत नव्हती. शेजाऱ्याच्या जीपने नागपूर गाठलं.

डॉक्टरने विचारलं, सुई चुकली का? मी म्हणालो, एकही नाही. मग त्याने विचारलं, औषध ठेवता कुठे? मंगला तिथल्या तिथे रडायला लागली. तिने एक दिवस वाळू भिजवली नव्हती, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. "माह्याच हातानं झालं," म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

माझं खोटं तिथेच थांबलं असतं तर एक वेळ ठीक. पूर्ण सुई देऊनही हे झालं, असं धरून डॉक्टरने मात्रा वाढवून दिली. घरी आल्यावर आठवड्यात रजनी शाळेत घामाने भिजून, थरथरत खाली पडली. बाईंनी साखर चारली म्हणून वाचली. त्याच दिवशी एकट्यानेच सौंसरहून नागपूरची बस धरली आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. तो जे बोलला ते लिहीत नाही. माझ्या करणीच्या मानाने कमीच बोलला. मात्रा पुन्हा तिसावर आणली.

तुझं पत्र मी आता पाठ केलंय. मागच्या पानावर तू स्पष्ट लिहिलं होतंस, रजनीचा आजार हा नव्हे, तिच्या शरीरात निरोप तयारच होत नाही, तिची सुई कधीही चुकवू नका. ते पान मी बाजारात वाचलं नव्हतं. घरीही वाचलं नाही. तुझी काही चूक नाही, आणि लिहिणं सोडू नकोस.

पण मंगला, नलू. तिने ते मडकं फोडलं. बाटली आता सौंसरला, ज्यांच्या घरी फ्रीज आहे अशा एका मास्तरांकडे ठेवते आणि रोज पहाटेच्या बसने रजनीला घेऊन तिथे जाते, मीही सोबत असतो, सुई द्यायला. बसमध्ये ती माझ्याशी नजर मिळवत नाही, कारण तिला वाटतं गुन्हेगार ती आहे. मी रोज ठरवतो, आज सांगू. रामाकोन्याहून सौंसर येईपर्यंत माझी जीभ उचलत नाही. तोंडाने होत नाही म्हणून हे लिहिलं. तुला पाठवायच्या प्रत्येक पत्राखाली तुझी वहिनी दोन ओळी लिहिते, आणि त्याआधी सगळं पत्र वाचते. आत्ता चुलीपाशी बसली आहे. खाली जागा सोडतो आणि कागद तिच्या हातात देतो.

तुझाच,
सुधाकरभाऊ

नलूबाई, वाचलं. दोनदा वाचलं. रजनीले सुई उद्यापासून मी देईन. त्यांच्याशी कधी बोलीन ते मले आज सांगता येत नाही. पत्र मीच टाकून राहिली. — मंगला