नदीपल्याडचा गुरू

हैद्राबाद,
ता. ४ जून १९५६

तीर्थरूप रुखमाबाईले, लहान भाऊ मुखरूचा पाय धरून नमस्कार.

मी इथी खुशाल हाये. भाऊजीचा खोकला कमी झाला काय? गाय व्याली असल. कमळाची तब्येत कशी हाये, ते तू मागच्या चिठ्ठीत लिवलंच नाई.

तू म्हणशीन, हा घुग्घुसची खाण सोडून पळाला, तेंदूपानाच्या फडीवरून पळाला, इथूनही पळते. नाई पळत. वेधशाळेत काम भेटलं हाये. मोठ्या दुर्बिणीवर घुमट हाये, त्याचं चाक मी न् पोचू फिरवतो. पोचू तेलंगी हाये, करीमनगरकडचा.

परवा दिवेलागणीले साहेब म्हणे, रोज चाक फिरवतोस, एकदा पाहून तरी घे. गुरू लावला होता. बाई, तेंदूचं पिकलेलं टेंभर जरासं दाबून ठेवावं तसा. अंगावर भुरकट पट्टे, न् बाजूले चार चंद्र एका ओळीत. एक तांबडा डाग हाये, त्यात आपली सारी धरती बुडून जाईन. साहेब सांगे, तिथी जमीनच नाई, सारा वायू. पाय ठेवला का माणूस खालीच जाते. अमेरिकेत त्याची खरखर रेडिओवर ऐकू आली म्हणे. पहिलं त्याईले वाटलं, कोणाची तरी मोटरच खरखर करून राह्यली.

सारे हसले, मले हसू नाई आलं. येवढ्या लांबचा हा गुरू सिंह राशीत गेला, म्हणून कमळाच्या बापानं, गुणवंतरावानं, तिचं माह्यासंग जुळलेलं लग्न थांबवलं. सिंहस्थात लग्न नाई, वर्षभर थांब म्हणाले. मी साहेबाले विचारलं, हा सिंहातून निघते कधी? तो म्हणे, त्याले एकेका राशीले वर्ष लागते.

पोचू ऐकून राह्यला होता. चाकाले तेल देता देता म्हणे, "अरे बावा, माह्या बहिणीचं लग्न याच ज्येष्ठात हाये. गोदावरीच्या दक्षिणेले सिंहस्थ लागतच नाई."

मले वाटलं, मस्करी करते. देवळातल्या भटजीले जाऊन विचारलं. पंचांगात तसंच हाये म्हणे. उत्तरेले मनाई, दक्षिणेले नाई. गुरू तोच, बाई.

आता खरं लिवतो. होळीले मी आलो होतो. कमळाले वर्षभर थांबता येणार नाई. तिचा निरोप मले पोचला. तिच्या मायले अजून ठाऊक नाई. तू बाई हायेस, जास्त लिववत नाई.

गुणवंतरावाले पंचांगाचं तेवढं सांग, दुसरं काई नको. आपल्या जोश्याले विचारा म्हणा, तोही हेच सांगल. मंग कमळा न् तिचे मायबाप, त्या तिघाईले घेऊन आलापल्लीहून सिरोंचाची मोटर धर. पाऊस लागला का मोटर बंद होते न् नदी भरते, म्हणून चिठ्ठी भेटल्याबरोबर निघ. गोदावरी पार करायले डोंगा सांगून ठेवला हाये. मी पल्याड, दक्षिणेच्या काठाले, कालेश्वराच्या घाटावर भटजीले घेऊन राहतो. लग्न लागलं का तिले इथी आणतो. साहेबानं मागची खोली दिली हाये, चूल मी मांडून ठेवली.

गुणवंतराव तरीही नाई म्हणाले, तर तू एकटी तिले घेऊन ये. त्याचे बोल मी खाईन.

कमळाले सांगजो, नदीतली रेती लय तापते. पायात काई घालून ये म्हणा.

घाटावर पाय रोवून उभा,
तुहा भाऊ
मुखरू