पाचच्या आत पलीकडच्या धक्क्याला

१० मे १९९७, शनिवार, संध्याकाळ
उद्या शिडाची होडी पैठणहून नाथसागराच्या पलीकडच्या काठाला, आमच्या बोट क्लबच्या धक्क्यावर. सुटणार ६.००, पोचणार ४.३०. पाचला कमिटी तिथंच बसून अध्यक्ष ठरवणार. होडी पाण्यातून आली तर मी, नाहीतर सांडू सर. सर म्हणाले, ट्रॅक्टरवर टाकून आणा, तासाचं काम. शिडाची होडी आणि ट्रॅक्टरवर!
एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. हजारो गाड्या सोडल्या. एकही स्वतः नेली नाही. ही नेणार.
बायकोनं, द्वारकानं विचारलं, तुम्हाला पोहता येतं का? म्हटलं, कंट्रोलरला येण्याची गरज नसते. ती कमिटीच्या जीपमधून हार घेऊन येणार आहे.

११ मे, सकाळी ५.५०
क्रू हजर. दोघंही स्वखुशीनं. गयास टेलर, शीड त्यानंच शिवलंय, मंडपाच्या कापडाचं. दुसरा कडूबा, पलीकडच्या वाडीचा शेतकरी. त्याचं शेत धरणात गेलंय. त्याला घरी जायचंय आणि रविवारी एसटी नाही.
कडूबा म्हणाला, साहेब, धक्क्यापाशी सध्या आपली टरबुजं हायत. उत्तम. जेवणाची सोय झाली. दोघांनाही डबे इथंच ठेवायला लावले. वजन कमी.

८.१५
सुटलो. सव्वादोन तास लेट. शीड उलटं लागलं होतं. गयास म्हणाला, साब, कुर्ते का गला आगे रैता. इसका गला किधर है, पैले बोलना था.

१०.४०
वारा जोरदार. फक्त पैठणकडे चाललाय. कडूबानं बांबू टोचून होडी ढकलायला घेतली. लेट भरून काढायला मधले सगळे थांबे रद्द.

१.२०
गयास टरबूज मागतोय. कडूबा म्हणतो, तिकडंच हाय. दोघांत कुजबुज. शिस्तीचा अभाव. पाणी पिण्यावर मर्यादा घातली. कडूबा धरणाचंच पाणी ओंजळीनं प्याला.

३.०५
होडी अडकली. शीड फाटलं. चहूकडे गढूळ पाणी, काठ दूर, धक्का कुठंच दिसत नाही. नकाशा पाहिला. दिवाळीत मीच काढलेला. त्यात इथली खोली पंचवीस फूट.

३.५०
लाइफ जॅकेट एकच. मी घातलं, कारण जबाबदारी माझी. गयास दुआ मागतोय. म्हणाला, साब, मेरे घर को क्या बोलेंगे? कडूबा तंबाखू मळतोय. खचलाय बिचारा.
द्वारका, तुझं खरं होतं. पोहायला शिकायला हवं होतं. हार परत देऊ नकोस. फोटोला चालेल.

४.१०
कडूबानं उडी टाकली. मी ओरडलो, डोळे मिटले. उघडले तर तो उभा. पाणी गुडघ्याला.
म्हणाला, साहेब, हितनं माझं वावर सुरू. दरसाल पाणी हटलं की उघडं पडतंय. टरबुजं फुडं कोरड्यात हायत. सकाळीच सांगितलं की!
आणि धक्का? म्हणाला, त्यो कवाच कोरडा पडलाय. त्याच्या भवतीच वेल चढलेत.
मग तासभर गप्प का बसलास? म्हणाला, तुम्ही लिहीत व्हता. म्हनलं, साहेबाचं होऊ द्यावं.
गयास उतरून टरबुजांकडे निघून गेला.

संध्याकाळी ६.३०
होडी धक्क्याला लागली. सांडू सरांच्या ट्रॅक्टरवरून. मी होडीतच बसून होतो, सुकाणू धरून. जॅकेट काढायचं राहिलं. द्वारका हसली नाही. त्यानंच जास्त लागलं.
सर पाचलाच अध्यक्ष झाले होते. हारही त्यांच्याच गळ्यात. म्हणाले, काम तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचंच आहे. इथं पाणी नाही म्हटल्यावर होडी परत पैठणला न्यावी लागेल. ट्रॅक्टर उद्या सकाळी सहाला. ड्रायव्हर रामकिसन चालवेल.
मी फक्त वेळेवर सोडायचा.