भिंतीवरच्या डबीपर्यंत

दादास,

नमस्कार तुझ्या वयाला, तुला नव्हे.

मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. आईचा गुडघा कसा आहे, हे कार्डावर विचारावं लागतंय, कारण दोन महिने घरचा फोन बंद. "लाईनच खराब आहे," असं तू आईला सांगतोस.

अरे, मी एक्स्चेंजमध्ये काय पंखे पुसतो? दिवसभर लूपबॅकच लावतो. इथून सिग्नल सोडायचा, पलीकडच्या टोकावरून उलटा फिरवायचा. जसाच्या तसा परत आला की लाईन ठीक. मंगळवारी आपल्या घरची लाईन तपासली, तीनदा. सिग्नल हॉलमधल्या भिंतीवरच्या डबीपर्यंत गेला आणि सुखरूप परत आला. डबीच्या पुढे हातभर वायर, फोन आणि तू.

आईला माझ्याकडे आणतो म्हणालो, तेव्हापासून तुझी पोटदुखी. तुला रांधून कोण घालणार, हीच ना काळजी?

पाकीट तू फाडलं असतंस, म्हणून उघडं कार्ड.

तुझा, नाइलाजाने,
धाकटा भाऊ

ता. क. पोस्टमनकाका, हे नेहमीसारखं आईलाच मोठ्याने वाचून दाखवा. आई, फोनची वायर डबीत खोच. रविवारी सकाळी दहाला मी फोन करतोय. तूच उचल.