अस्वलाच्या वाटेवर गप्प चालणारी माणसं

प्रिय वत्सला,

तू गेल्यावर मी तुला पत्र लिहीन असं मलाच कधी वाटलं नव्हतं. समोर होतीस तेव्हा तरी मी कुठे फार बोलायचो! पण आज मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला घरात कोणी नाही. अनू हडपसरला गेली आहे, कंपनीचं गळ्यातलं कार्ड परत द्यायला. संध्याकाळपर्यंत येईल. तोवर मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि तुला विचारल्याशिवाय ती ठरवता येत नाही.

आपल्या लेकीने कॉम्प्युटरची नोकरी सोडली. उद्या ती चंद्रपूरकडे निघते आहे. तिथल्या जंगलात अस्वलांचा अभ्यास करणारी काही मंडळी आहेत, त्यांच्याबरोबर सहा महिने राहणार आहे. हो, अस्वलांचा! आणि कुठे, तर तुझ्या माहेराजवळच्याच जंगलात!

तुला आठवतं, विश्रांतवाडीच्या या घरात पहिल्यांदा केबल आली तेव्हा? अनू शाळेतून आली की दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायची. परदेशातली अस्वलं नदीत उभी राहून मासे पकडायची आणि ही आपल्याला प्रश्न विचारून हैराण करायची.

"आई, पांढरं अस्वल आणि तपकिरी अस्वल भांडली तर कोण जिंकेल?"

"आमच्याकडचं काळं जिंकते."

"अगं, ते या भांडणात नाहीच आहे!"

"नसू दे. तरी तेच जिंकते."

"ते केवढंसं आहे! पांढऱ्याने नुसतं अंग टाकलं तरी चेंगरेल. बाबा, तुम्ही सांगा ना आईला!"

मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचो नाही. तू कपड्यांची घडी अर्धी टाकून आत जायचीस. अनूला वाटायचं, आई हरली म्हणून उठून गेली. तू का उठलीस ते मला माहीत होतं.

लग्नानंतर तू मला पहिल्यांदा कमलताईकडे नेलंस. तुझी सख्खी मोठी बहीण, पण चहा देतानाही तिने पदर अर्ध्या तोंडावरून बाजूला केला नाही. येताना एसटीत तू मला सारं सांगितलंस. नवी सून होती ती. पहाटे सासऱ्यांच्या मागे मोहफुलं वेचायला निघाली होती. त्या वाटेने जाताना बाकीच्या बाया मोठमोठ्याने बोलतात, हसतात, टाळ्या वाजवतात. माणूस येतो आहे हे अस्वलाला लांबूनच कळावं म्हणून. पण सासऱ्यासमोर सुनेने आवाज काढायचा नाही, अशी त्या घरची शिस्त. सासरे वळणापुढे गेले, ही गप्पच चालत राहिली. अस्वल वारुळात तोंड खुपसून बसलेलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा मध्ये अंतरच उरलं नव्हतं.

एक डोळा गेला. गालाचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

पुढे अनू झाली तेव्हा तू माझ्याकडून शब्द घेतलास, "तिले कधी सांगायचं नाही. पोरगी माह्या माहेरी यायले भेल." म्हणून मावशी स्टोव्हच्या भडक्यात भाजली, असं आपण तिला सांगत आलो. ती अजून तेच खरं मानते.

तू मात्र कधी गप्प राहिली नाहीस. साधा जिना उतरतानाही तुझं बोलणं चालू असायचं, सोबत कोणी नसलं तरी! खालच्या मजल्यावरचे काका एकदा दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, आपण दुधाला निघालात की आम्हाला आपोआप जाग येते. आम्ही गजराचं घड्याळ काढून टाकलं."

"मंग घड्याळाचं भाडं मले देत जा जी!" तू खालूनच ओरडलीस. मला ओशाळल्यासारखं झालं होतं. आता त्याच जिन्यात इतकं शांत असतं की मी कधी कधी दार उघडून उगाच बाहेर बघतो.

आता परवाचं सांगतो. अनू जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसली होती. लहानपणीचा प्रश्न मीच काढला. माझ्याकडे बोलायला दुसरं काय होतं?

"मग अखेर कोण जिंकतं गं?"

ती खूश झाली. तुला तिचं ते तोंड बघायला हवं होतं! म्हणाली, "वजनात पांढरं सगळ्यांत पुढे, बाबा. पण तपकिऱ्याच्या खांद्यात खोदायची ताकद असते, त्यामुळे जमिनीवर त्याच्या नादी लागणं अवघड. हिमालयातलं काळं झाडावर झरझर चढतं. ईशान्येकडे एक अगदी छोटं असतं. त्याची कातडी इतकी सैल, की मानगुटीला धरलं तर आतल्या आत वळून चावतं!"

"आणि आपलं?"

"आपलं ताकदीत बरंच खाली. त्याला वरचे पुढचे दोन दातही नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढतं. पण माणसाच्या अंगावर येण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही."

"एवढं शूर?"

"शूर नाही हो, घाबरलेलं! बाकीच्यांना निघून जाता येतं. याने पळावं तर वाघ गाठतो, झाडावर चढावं तर मागून बिबट्या येतो. म्हणून अचानक कोणी समोर आलं की ते उभं राहतं आणि सरळ तोंडावर झेप घेतं. सुटायचा दुसरा रस्ताच त्याला ठाऊक नाही."

तोंडावर, हा शब्द तिने सहज उच्चारला. मला कमलताईचा पदर दिसला. मग माझं मलाच कळलं नाही. मी ताट सारून उभा राहिलो आणि ओरडलो, "नोकरी तर घालवलीसच, आता डोळाही घालवून ये!"

वत्सला, मी ओरडलो!

"डोळा? कुणाचा डोळा, बाबा?"

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती मागे आली. तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा गप्प. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. "चहा ठेवलाय." "गॅस बंद केलाय."

आता तूच सांग, मी काय करू? तिला सांगितलं तर ती घाबरेल. घाबरलेलं माणूस श्वास रोखून, पाय न वाजवता चालतं. आणि नाही सांगितलं तरी ती तशीच चालणार, कारण ती माझ्यावर गेली आहे. घरातसुद्धा मागे कधी येऊन उभी राहते ते समजत नाही. ती म्हणते, "आम्हाला सगळं शिकवणार आहेत, सोबत तिथला जाणता माणूस असतो." असेल. पण तो वयाने मोठा असेल, पुढे चालेल, आणि आपली लेक त्याचा मान राखून मागून मुकाट्याने जाईल. अगदी कमलताईसारखी! हे चित्र दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू मला असल्या कात्रीत का टाकून गेलीस? शब्द घेताना जरा पुढचा विचार करायचास! दवाखान्यात तुझा आवाज गेला होता तेव्हा तू माझा हात धरून काहीतरी खुणा करत होतीस. ते हेच होतं का? मला कळलं नाही गं.

शेवटी हे पत्र अर्धवट ठेवून मी आत्ताच कमलताईला फोन लावला. तुझ्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच. भाच्याने तिला मोबाइल घेऊन दिला आहे, पण आवाज नीट जात नव्हता, म्हणून सगळं मला ओरडून सांगावं लागलं. अनू येते आहे, ती काय काम करणार आहे, तिला आम्ही काय सांगून ठेवलं आहे, आणि खरं काय ते आता सांगू की नको.

ती म्हणाली, "स्टोव्ह? बाप्पा! माह्या घरी तं तवा स्टोव्हच नव्हता."

आणि हसली! मी ओशाळून उभा.

मग हसू थांबवून म्हणाली, "तोंड माह्यं आहे, गोष्ट माह्यी आहे. तुमी दोघं काहून झाकून राहिले जी? मले विचारलं होतं कोणी?"

तुला तरी याचं उत्तर देता आलं असतं का?

"पोरीले आधी माह्याकडं आणा. मी पदर काढून दाखवतो आणि मीच सांगतो. ते भेलीच तं भेऊ द्या. भेव काही वाईट नसते. मी भेली असती तं ओरडली असती. मी लाजली होती, म्हणून गप्प होती." आणि फोन ठेवताना म्हणाली, "तुमी पण या. तुमाले इतकं ओरडता येते हे मले आजच समजलं."

वत्सला, इतकी वर्षं आपण दोघांनी तिच्या चेहऱ्याचा निर्णय तिला न विचारता घेतला. तू मायेने घेतलास, मी तुझ्या शब्दाखातर. रागावू नकोस, पण तो शब्द मी आज मोडतो आहे.

आणि त्याच्या बदल्यात दुसरा देतो. उद्या मी अनूबरोबर निघेन. कमलताई सांगेल तेव्हा दोघींच्या शेजारी बसेन, उठून बाहेर जाणार नाही. मग जंगलाच्या कडेपर्यंत, जिथवर मला येऊ देतील तिथवर, लेकीच्या सोबत चालेन आणि तोंडात येईल ते मोठ्याने बोलेन. तिला लाज वाटली तरी बोलेन. भीती सोडीन असं वचन मी देत नाही, ते मला पाळता येणार नाही. पण यापुढे मी घाबरेन तो सगळ्यांना ऐकू जाईल असा.

आता ती येईलच. दार उघडल्याबरोबर पहिलं वाक्य हेच म्हणणार आहे, "अनू, माझंही तिकीट काढ. मला तुझ्यासाठी फार भीती वाटते."

तुझाच,
मनोहर